‘म्हणून’ : एका अव्ययाचा विचार



वसंतातल्या व्याख्यानांना मोठे विषय शोभतात. संतांचे कार्य, देशाचे अर्थकारण, इतिहासातले पराक्रम यांवर अशा व्यासपीठांवरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे आणि यापुढेही बोलले पाहिजे. आम्ही मात्र आज एका शब्दाविषयी बोलणार आहोत. तोही शब्द असा, की ज्याला कोशात चार ओळींपेक्षा अधिक जागा द्यावी असे सहसा कोणास वाटत नाही. तो शब्द ‘म्हणून’. सकाळपासून आपण सर्वांनी तो कितीदा तरी उच्चारला असेल; कोणी पुस्तकी रीतीने ‘म्हणून’, कोणी ‘म्हनून’, आणि आपल्या वऱ्हाडच्या तोंडवळणाने कोणी सरळ ‘म्हून’. या एवढ्याशा शब्दावर एक संध्याकाळ काढायची काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. परंतु याच शब्दाच्या मागेपुढे काय ठेवले यावर एखादा माणूस चोर ठरतो वा सुटतो, आणि शेत कसणाऱ्याचे की मालकाचे याचाही निकाल होतो. तेव्हा थोडी सबुरी धरावी.

विषय सुचला तो लॅटिनमुळे. लॅटिन ही रोमची जुनी भाषा. आपल्याकडे संस्कृत तशी युरोपात ती. तिच्यात ‘क्वोद’ असा एक अगदी नेहमीचा शब्द आहे. मुळात तो आपल्या ‘जे’ या संबंधी सर्वनामाचा तिकडला भाऊ. पण वापरता वापरता त्याचा अर्थ ‘की’ असा झाला, आणि ‘कारण’ असाही झाला. यात विशेष काही नाही. विशेष आहे ते पुढेच. ‘क्वोद’ने कारण सांगताना लॅटिन लेखक क्रियापदाची दोन निराळी रूपे वापरी. कारण लेखकाला स्वतःला मान्य असेल तर क्रियापद साधे, विधानाचे. कारण दुसऱ्या कोणी सांगितलेले असेल, आणि त्याच्या खरेपणाची हमी लेखक घेत नसेल, तर क्रियापद निराळे, इच्छा किंवा शक्यता दाखविणाऱ्या रूपाचे. याचे शाळेतले ठरीव उदाहरण म्हणजे सॉक्रेटिसाचे. इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्सच्या न्यायसभेने त्याला मृत्यूची शिक्षा दिली. एक आरोप असा, की तो तरुणांना बिघडवतो. आता ‘त्याने तरुणांना बिघडवले’ हे कारण आपले की अथेन्सकरांचे, हे लॅटिन वाक्यात एका क्रियापदाच्या शेपटावरून कळते. लेखकाला ‘आरोप करणाऱ्यांच्या मते’ असे वेगळे लिहावे लागत नाही.

ही सोय वाचून आम्हांस प्रथम हेवा वाटला. मग वाटले, आपल्या मराठीत असे काही नाही काय? शोधू गेलो तो आपल्याच तोंडात सापडले. ‘तरुणांना बिघडवतो म्हणून सॉक्रेटिसाला विष दिले.’ हे वाक्य बोलणारा माणूस सॉक्रेटिसाला दोषी मानतो काय? मुळीच नाही. तो फक्त आरोप करणाऱ्यांचे शब्द पुढे करतो. ‘तरुणांना बिघडवल्यामुळे विष दिले’ असे म्हटले की मात्र आरोप आपणच मान्य केल्यासारखे होते. ‘मुळे’ हा साक्षीदार आहे. ‘म्हणून’ हा निरोप्या आहे.

हे असे का, ते शब्दाच्या पोटात पाहिले म्हणजे कळते. ‘म्हणून’ हे मूळचे अव्यय नव्हेच. ‘म्हणणे’ या धातूला ‘ऊन’ लागून, ‘करून’, ‘जाऊन’, ‘बसून’ यांच्या ओळीत बसणारे ते रूप. ‘करून’ म्हणजे केल्यानंतर. ‘म्हणून’ म्हणजे म्हटल्यानंतर, असे बोलून. संस्कृतात ‘भण्’ म्हणजे बोलणे; त्यापासून आपला ‘म्हण’ आला. ‘ऊण’ हा प्रत्यय महाराष्ट्री प्राकृतात होता, आणि ‘भणिऊण’ म्हणजे ‘बोलून’ हे रूपही होते. ज्ञानेश्वरी आणि लीळाचरित्र यांच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस, हा शब्द ‘म्हणौनि’, ‘म्हणौन’ अशा रूपांत सर्रास दिसतो, आणि त्या वेळीच तो ‘त्या कारणाने’ या अर्थाला आलेला आहे. ज्या लीळाचरित्रात आपल्या शेजारच्या लोणार आणि मेहकर या गावांची नावे येतात, त्याच्या गद्यात हा शब्द पावलोपावली भेटतो. सातशेहून अधिक वर्षे आपण ‘असे बोलून’ या शब्दाने कारणे सांगत आलो आहोत.

कोणी म्हणेल, व्युत्पत्ती खरी असेल, पण आता त्या शब्दात बोलण्याचा अंश कुठे उरला? नाणे झिजून गुळगुळीत झाले. आमचे मत तसे नाही. परीक्षा घेऊन पाहू. रात्री काही वाजले. ‘चोर आला म्हणून मी उठलो, पाहतो तो मांजर!’ हे वाक्य कोणाही मराठी माणसाला खटकणार नाही. आता ‘म्हणून’ काढून ‘मुळे’ घाला: ‘चोर आल्यामुळे मी उठलो, पाहतो तो मांजर!’ लहान मूलही हसेल. चोर आलाच नव्हता, तर त्याच्या येण्यामुळे उठलात कसे? ‘मुळे’ला घटना खरी लागते. ‘म्हणून’ला ती खरी असावीच लागत नाही, कोणी तसे म्हटले, किंवा मनातल्या मनात वाटले, एवढ्यावर त्याचे भागते. म्हणजे त्या शब्दातले बोलणे मेलेले नाही.

आता त्याची करामत पाहण्यासाठी शेताकडे जाऊ. मृग लागला आहे असे समजा.

‘पाऊस पडला म्हणून पेरणी केली.’ इथे पाऊस होऊन गेला. ते पेरणीचे कारण.

‘पाऊस पडावा म्हणून नवस बोलला.’ इथे पाऊस नाही. तो हेतू आहे.

‘पाऊस पडेल म्हणून बियाणे आणून ठेवले.’ इथे अपेक्षा. ‘पाऊस पडेल म्हणून कडबा झाकून ठेवला.’ शब्द तेच, आणि इथे धास्ती.

‘पाऊस पडतो म्हणून सांगत आला.’ इथे नुसती बातमी.

शब्द एकच, अर्थ पाच. आणि अर्थ ठरवतो कोण, तर ‘म्हणून’च्या आधी उभे असलेले क्रियापद. ‘पडला’, ‘पडावा’, ‘पडेल’, ‘पडतो’. लॅटिनमध्ये ‘उत’ म्हणून दुसरा एक दोन अक्षरी शब्द आहे, त्याचीही हीच तऱ्हा. क्रियापद साधे असले की तो ‘जसे’ किंवा ‘जेव्हा’. क्रियापद इच्छेच्या रूपात आले की तोच ‘व्हावे म्हणून’. तिथल्या विद्यार्थ्यांना हे वर्षभर घोकावे लागते. आपल्या इथले अक्षरशत्रू म्हातारेही ‘पडला’ आणि ‘पडावा’ यांच्यात कधी गफलत करीत नाहीत, आणि त्यांना कोणी शाबासकीही देत नाही.

अपेक्षा आणि धास्ती यांचा मात्र निर्णय क्रियापदही करीत नाही. ‘येईल म्हणून दार उघडे ठेवले’ आणि ‘येईल म्हणून दार लावून घेतले’. येणारा कोण आहे आणि घरच्यांचे त्याच्याशी कसे आहे, ते ठाऊक असल्यावाचून ‘येईल म्हणून’ यात आशा आहे की भीती हे व्याकरण सांगू शकत नाही.

व्याकरणकारांनी या शब्दाचे काय केले? दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली. त्या परंपरेतून शाळेच्या पुस्तकांत जी कोष्टके उतरली, त्यांत ‘म्हणून’ एका ठिकाणी बसत नाही. परिणामबोधक अव्ययांत ‘म्हणून’. उद्देशबोधकांत पुन्हा ‘म्हणून’. स्वरूपबोधकांत आणखी एकदा ‘म्हणून’. त्यातही मौज अशी, की परिणामबोधक हे प्रधानत्वसूचक, त्याने दोन वाक्ये बरोबरीने जोडली जाऊन संयुक्त वाक्य होते. उद्देशबोधक व स्वरूपबोधक हे गौणत्वसूचक, त्यांनी एक वाक्य दुसऱ्याच्या आश्रयाला जाऊन मिश्र वाक्य होते. एकच गृहस्थ एका दारात मालक, दुसऱ्या दारात चाकर! परीक्षेत या प्रश्नावर गुण घालवलेली मुले इथे बसली असतील. त्यांच्या समाधानासाठी सांगतो की घोटाळा त्यांचा नव्हता. कोष्टक करणारांनी कप्पे इंग्रजी व्याकरणाच्या चालीने पाडले, आणि इंग्रजी व्याकरणाने ते लॅटिनवरून घेतले. ‘म्हणून’ला हे कप्पे ठाऊक नाहीत. त्याचे काम एकच: मागे जे बोलले गेले त्याला गाठ मारून पुढच्या क्रियेला बांधणे.

ही गाठ कुठे बसते याला फार महत्त्व आहे. बोलताना आपण ‘म्हणून’ मागच्या शब्दांना चिकटवतो: ‘पाऊस पडला म्हणून’, इथे श्वास, मग ‘पेरणी केली’. छापताना मात्र पूर्णविराम देऊन नव्या वाक्याच्या तोंडी ‘म्हणून’ बसवण्याची चाल पडली आहे: ‘पाऊस पडला. म्हणून पेरणी केली.’ आम्ही हे चूक म्हणत नाही. पण त्याने शब्दाचा तोल बदलतो. मागच्याला गाठ मारणारा शब्द पुढच्याचा भालदार होतो.

आणि नकार आला की गाठीचा गुंता होतो. ‘तुम्ही बोलावले म्हणून आम्ही आलो नाही.’ याचा अर्थ काय? एक, तुम्ही बोलावलेत याचाच राग आला आणि आम्ही घरी बसलो. दोन, आम्ही आलो आहोत, पण तुमच्या बोलावण्यासाठी नव्हे, दुसऱ्या कामाने. म्हणजे एका अर्थाने आम्ही घरी, एका अर्थाने आपल्यासमोर. बोलताना ‘बोलावले’वर जोर दिला की दुसरा अर्थ निघतो, कागदावर जोर कसा देणार? सोयरिकीची बोलणी पत्रातून चालत त्या काळी अशा एखाद्या वाक्याने दोन घरांत कायमचा अबोला झाला असल्यास आम्हांस नवल वाटणार नाही.

आता आपल्या गावाच्या एका घटनेकडे येऊ. ‘म्हणून’चा आणखी एक अर्थ तिच्याशी जडलेला आहे. ‘विक्रम म्हणून एक राजा होता’ यात ‘म्हणून’ म्हणजे ‘या नावाचा’. ‘वडील म्हणून सांगतो’ यात ‘म्हणून’ म्हणजे ‘या नात्याने’. ‘आठवण म्हणून ठेवले’, ‘औषध म्हणून घेतले’ हीही त्याच जातीची. मूळ अर्थ इथेही तोच: लोक विक्रम म्हणतात असा, वडील असे म्हटले जाते त्या अधिकाराने. नाव आणि अधिकार या दोन्ही गोष्टी अखेर कोणीतरी म्हणण्यावरच उभ्या असतात ना!

१७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याजवळ जी मोठी लढाई झाली ती याच ‘म्हणून’साठी. दख्खनच्या सहा सुभ्यांचा सुभेदार म्हणून निजामउल्मुल्क बसलेला होता. दिल्लीच्या महंमदशहा बादशहाचे मन त्याच्याविषयी फिरले, आणि त्या जागी सुभेदार म्हणून हैदराबादच्या मुबारिझखानाला नेमण्यात आले. एका जागेवर दोन माणसे ‘सुभेदार म्हणून’ उभी राहिली की त्यांतली एक उरते. इथे ती निजामउल्मुल्काच्या रूपाने उरली. बाजीराव पेशव्यांचे साहाय्य त्याच्या पाठीशी होते. मुबारिझखान रणात पडला. ज्याच्याजवळ दिल्लीचा शब्द होता तो मेला, आणि ज्याच्याजवळ नव्हता त्याला १७२५ साली त्याच दिल्लीने सुभेदार म्हणून कबूल करून वर आसफजाह हा किताबही दिला. हैदराबादचे निजामशाही राज्य तेव्हापासून मोजतात. शब्दातला अधिकार आणि तलवारीतला अधिकार यांची अशी अदलाबदल आपल्या शिवारात झालेली आहे.

निजामाने विजयाची खूण म्हणून गावाचे नाव ‘फत्तेखेर्डा’ केले. जाहीर झाले, कागदोपत्री चढले. आणि लोक? लोक साखरखेर्डा म्हणत राहिले. आज तीनशेहून अधिक वर्षांनी बसच्या पाटीवर कोणते नाव आहे ते आपण जाणताच. बादशहाचा सुभेदार निजामापुढे टिकला नाही, पण निजामाने ठेवलेले नाव आपल्या पणज्यांच्या तोंडापुढे टिकले नाही.

निजामाची गोष्ट निघाली तसे आणखी एक सांगून टाकू. ‘मी येतो म्हणून तो म्हणाला’ ही आपली घडण हिंदी प्रमाणभाषेत सरळ उतरत नाही. तिथे ‘उसने कहा कि मैं आता हूँ’. म्हणजे बोलण्याच्या आधी ‘कि’ उभा करायचा. आपल्याकडे तीही रीत आहे: ‘तो म्हणाला की मी येतो’. एक रीत बोलण्याचे दार पुढून उघडते, दुसरी ते मागून लावते. मागून लावण्याची रीत आली कोठून? दक्षिणेकडे कान द्या. कानडी माणूस ‘बर्तीनि अंत हेळिद’ म्हणतो. त्यातला ‘अंत’ म्हणजे ‘म्हणून’. तेलुगूत ‘अनि’, तमिळमध्ये ‘एन्ऱु’. यांतही मूळ धातू ‘बोलणे’ या अर्थाचाच. संस्कृतातला ‘इति’ हेच काम वाक्याच्या शेवटी बसून करतो, आणि डच पंडित कायपर यांनी १९६७ साली असे मांडले की ‘इति’च्या या वापरामागेही द्राविडी भाषांचा शेजार असावा. ते मत सर्वांना मान्य नाही. पण मराठीच्या बाबतीत शेजाराचा पुरावा उघड्या डोळ्यांना दिसतो. हैदराबादची दखनी ऐका: ‘आतूँ बोलके बोल्या’. ‘बोलके’ म्हणजे अक्षरशः ‘म्हणून’! उत्तरेतून ‘कि’ घेऊन आलेली भाषा, दख्खनमध्ये चार पिढ्या राहिली आणि तिला मागचे दार बसवावे लागले. आपण वऱ्हाडातली माणसे उंबऱ्यावर बसलेली. आपल्याला दोन्ही दारे आहेत. पुष्कळदा आपण दोन्ही वापरतो: ‘तो म्हणाला की मी येतो म्हणून’. निबंधात असे लिहिल्यास लाल रेघ ओढली जाते. आम्हांला त्यात दोष दिसत नाही. दुसऱ्याचे बोलणे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे इतके स्वच्छ दाखवणारी घडण दुसरी नाही.

हे आमचे एकट्याचे मत नव्हे. आपल्या जुन्या चिटणिसांचा आधार त्याला आहे. मोडी लिपीत अवतरणचिन्ह नव्हते, स्वल्पविराम नव्हता, शब्द तोडण्याचीही रीत नव्हती. ओळ उजवीकडे धावत जायची. अशा कागदात एका माणसाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यापासून वेगळे ठेवायचे कसे? पेशवाईतली सनद किंवा निवाडपत्र पाहिले की दिसते. अमक्याने हुजूर येऊन विदित केले की, येथून त्या माणसाची सारी कैफियत; ती संपली की ‘म्हणोन’; आणि मग ‘त्याजवरून मनास आणून’ म्हणजे चौकशी करून सरकारने काय ठरवले ते. ‘म्हणोन’पर्यंतचे सारे त्या माणसाचे. पुढचे सरकारचे. सरकार त्याची कैफियत खरी मानते असा अर्थ ‘म्हणोन’मुळे होत नाही. छापखाना आला, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे आली, आणि हे काम त्यांच्याकडे गेले. चिन्हे सोयीची खरीच. पण ती डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येत नाहीत. वाचून दाखवलेल्या कागदात ती नसल्यासारखीच.

आता हे वाक्य पाहा. ‘मी चोरी केली म्हणून त्याने सांगितले.’

चोरी कोणी केली?

हे वाक्य एखाद्या जबाबात आले आहे असे समजा. एक अर्थ असा, की ‘तो’ कबूल झाला. ‘मी’ हा शब्द त्याचा, जसाच्या तसा उचललेला. दुसरा अर्थ, त्याने माझ्यावर आळ घेतला. ‘मी’ म्हणजे जबाब देणारा. तिसरा, मी खरेच चोरी केली, आणि त्या कारणाने त्याने जाऊन कोणास तरी सांगितले. एका वाक्यात एक माणूस कबुली देतो, दुसऱ्या अर्थाने तोच फिर्यादी होतो, तिसऱ्या अर्थाने बोलणाराच स्वतःची कबुली देऊन बसतो. बोलणारा समोर असेल तर त्याच्या आवाजावरून कळते. तो समोर नसेल आणि कागदच बोलू लागला तर?

ऐकीव गोष्टीपासून सावध राहण्याची कायद्याची रीत जुनी आहे. साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले तेच सांगावे, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करू नये, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही हे तत्त्व ठेवले आहे. पण कायदा वाक्यावर चालतो, आणि वाक्य लिहिणाऱ्याला ‘म्हणून’चे तीन अर्थ ठाऊक नसले तर कायद्याने काय करावे? म्हणून जबाबावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, नुसता ऐकून घेऊ नये. आणि वाचता येत नसेल तर ‘मी’ जिथे जिथे आला तिथे तिथे ‘हा मी कोण?’ असे विचारावे. यावर जुन्या लोकांनी एक उपाय काढला होता. ते ‘मी’ऐवजी ‘आपण’ घालीत: ‘आपण चोरी केली म्हणून त्याने सांगितले’. इथला ‘आपण’ म्हणजे सांगणारा स्वतः, दुसरा कोणी नव्हे. खेड्यांतले म्हातारे अजूनही असे बोलतात. दुर्दैवाने ‘आपण’चे आदरार्थी ‘तुम्ही’ आणि ‘आपण सगळे’ असे आणखी दोन अर्थ झाल्याने तो उपायही आता पूर्वीइतका पक्का राहिला नाही.

याच घराण्यात ‘म्हणे’ नावाचा एक धाकटा आहे. ‘त्याने म्हणे चोरी केली.’ ‘म्हणे’ हात झटकून मोकळा होतो. कोणी सांगितले ते सांगत नाही, खरे की खोटे ते सांगत नाही. गावातल्या बऱ्याच बातम्या त्याच्याच खांद्यावरून फिरतात. पण ‘म्हणे’ निदान स्वतःचे नाव लपवत नाही. आपण ऐकीव आहोत हे तो उघड कबूल करतो. ‘म्हणून’ अधिक कावेबाज. तो ऐकीव गोष्टीला कारणाचा पोशाख चढवतो. ‘ती नवऱ्याशी भांडते म्हणून तिला माहेरी पाठवली.’ कोण म्हणते, भांडते? सासू? नवरा? शेजारीण? वाक्यात कोणीच नाही; आणि तरी पुढची क्रिया झालेली आहे, बाई माहेरी गेलेली आहे. या वाक्यात ‘भांडते’ हे सॉक्रेटिसाच्या ‘बिघडवतो’सारखेच आहे. आरोप करणाऱ्याचे शब्द, त्याच्याच काळात, वर्तमानात, गोठवून ठेवलेले.

शेतजमिनीची गोष्ट राहिली. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम १९५८ साली झाला आणि आपल्या भागात कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग उघडला. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात प्रश्न असा येई: अमका या शेतात नांगर धरत होता हे खरे, पण काय म्हणून? कूळ म्हणून, की सालदार म्हणून? दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला कायदा कूळ मानी. मात्र तो मालकाच्या घरातला असला, किंवा मजुरी घेऊन मालकाच्या देखरेखीखाली राबणारा असला, तर मानीत नसे. नांगर तोच, बैल तेच, घामही तोच. ‘म्हणून’च्या आधीचा एक शब्द बदलला की शेत बदलले. ज्यांच्याजवळ बटईची पावती होती, किंवा ज्यांचे नाव पिकांच्या नोंदीत चढले होते, त्यांना ‘कूळ म्हणून’ म्हणता आले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तोंडच्या शब्दावर जमीन कसली, त्यांच्याविषयी दुसरे लोक जे म्हणतील तेच खरे ठरण्याचा धोका होता. अक्षर न येणाऱ्याच्या पुढे कोणता शब्द लिहिला गेला हे त्याला पुष्कळदा निकालाच्या दिवशीच कळे.

आणखी एक रूप सांगतो, त्याला कोष्टकात जागाच नाही. आपल्या बायाबापड्या ते फार छान वापरतात. ‘मी का म्हणून जाऊ?’ ‘त्यानं का म्हणून बोलावं?’ हे नुसते ‘का’ नव्हे. ‘मी का जाऊ?’ असे विचारले तर समोरचा कारणे सांगू लागेल: काम आहे, बोलावणे आहे, रीत आहे. ‘का म्हणून’ त्याच्या एक पायरी खाली उतरते. ‘का म्हणून’ म्हणजे काय बोलून, कोणत्या शब्दाच्या जोरावर. तुम्ही मला जायला लावता आहात ते मला काय समजून? सून म्हणून? मोलकरीण म्हणून? धाकटी म्हणून? तिथे कारण मागितलेले नसते. ते कारण कोणी म्हटले, त्याचे नाव मागितलेले असते. लॅटिनला ज्यासाठी क्रियापदाचे वेगळे रूप ठेवावे लागले, ते आपल्याकडची न शिकलेली बाई कमरेवर हात ठेवून दोन शब्दांत विचारते. आणि पुष्कळदा समोरच्याला त्याचे उत्तर देता येत नाही.